तीर्थप्रसादाला येतो आम्ही

निकितानं बस खडकी स्टेशनपाशी बोलावली होती. बस घरापर्यंत सहज आली असती. पण घरासमोर विहार, विहाराबाहेर निळ्या झेंड्यांची माळ आणि उद्याच्या बुद्धपौर्णिमेची कमान. म्हणून आईला, म्हणजे सत्यशीलाबाईंना, घेऊन निकिता मे महिन्याच्या उन्हात स्टेशनपर्यंत चालत आली.

"बस घराकडं येत नाही?" आईनं विचारलं.

"वळत नाही गं तिथं."

"पाण्याचा टँकर वळतो की."

निकितानं चालायचा वेग वाढवला. टीममधल्या सगळ्यांनी घरच्यांना घेऊन तळेगावच्या बाजूला फुलांची शेती पाहायला जायचं, असं तिची टीम लीड सुनीती हिनं ठरवलं होतं. आईला न्यायचं निकिताच्या स्वप्नातही नव्हतं. पण 'फुलांची शेती' हे शब्द आईच्या कानावर पडले आणि विषय संपला. गेल्या वर्षी बुद्धपौर्णिमेला लग्नसराईमुळं पांढरं फूल मिळालं नाही, विहारात झेंडू वाहावा लागला, ते आईला अजून सलत होतं.

निकिताला धास्ती होती ती आईच्या तोंडाची. कंपनीत रुजू झाली त्या दिवशी सुनीतीनं विचारलं होतं, "गायकवाड? म्हणजे बडोद्याचे की काय?" निकिता नुसती हसली होती. हो म्हणाली नव्हती, नाहीही म्हणाली नव्हती. त्या एका हसण्यावर तिची सगळी नोकरी उभी होती. दुपारी डबे उघडले की आरक्षणवाल्यांच्या अकलेवर चर्चा सुरू व्हायची, ती हिच्यासमोर, हिला आपल्यातली समजून. ही मान खाली घालून भात चिवडत बसायची. असला भात अंगी लागत नाही.

बसमध्ये अंताक्षरी सुरू झाली. सुनीती पुढच्या सीटवरून वळून बसली. मूळची नारायण पेठेतली, चौकशी केल्याशिवाय तिला प्रवास गोड लागत नसे.

"काकू, तुम्ही मूळच्या कुठल्या?"

"वर्ध्याच्या."

"अय्या! पण निकिता तर किती शुद्ध बोलते."

"शाळेत घातली होती तिला," आई म्हणाली.

निकितानं घाईघाईनं चिक्कीचं पाकीट पुढं केलं. चिक्की असली की माणसं जरा कमी बोलतात.

पॉलिहाऊस म्हणजे दुधी प्लास्टिकचा भलामोठा तंबू. आत शिरताच चष्म्यांवर वाफ धरली. उत्तरेश्वर म्हणून तिथला सुपरवायझर होता. त्यानं दाखवलं, जरबेऱ्याचं फूल कापायचं नाही. देठ पार बुडाशी धरायचा, बाजूला वाकवायचा आणि ओढायचा. कापला तर खाली राहिलेला तुकडा कुजतो, मग झाडही सडतं.

टीममधल्या चेतननं जोर लावला आणि आख्खं झाडच हातात आलं.

"आवो साहेब, फूल म्हनलं मी!"

"याला 'अन्डू'चं बटण कुठंय?" चेतन ओरडला. सगळे हसले. निकिता हसली नाही, कारण आई कुठं दिसत नव्हती.

आई पांढऱ्या जरबेऱ्याच्या ओळीत होती. पदराची ओटी भरत आलेली, आणि सुनीती तिच्या शेजारी.

"काकू, एवढी सगळी पांढरीच? काही विशेष?"

आईनं तोंड उघडलं. निकितानं तिच्याआधी उडी मारली. "उद्या घरी सत्यनारायण आहे."

"हो की! उद्या पौर्णिमाच नाही का!" सुनीतीनं टाळी वाजवली. "मग ऑफिस सुटलं की तीर्थप्रसादाला येतो आम्ही. ए चेतन, उद्या निकिताकडं शिरा!"

झालं. सगळी टीम हो म्हणाली. निकिताच्या घरात भिंतीवर बावीस प्रतिज्ञा फ्रेम करून लावलेल्या. तिचे आजोबा सीताराम नागपूरला लाखोंच्या गर्दीत उभे राहून देवपूजा सोडल्याचं बोलले होते. नातीनं चिखलात उभं राहून ती पूजा परत घरात आणून मांडली. कशासाठी? तर डब्याला बसायला जागा राहावी म्हणून.

आईनं निकिताकडं एकदा पाहिलं आणि पुढचं फूल ओढून काढलं. जेवायला पिठलं-भाकरी होती. निकिता भाकरीचे तुकडे करत हिशेब मांडत होती. पूजा रद्द कशी करायची? सुतक सांगावं? तिनं मनातल्या मनात धाकट्या मामाला मारलंसुद्धा. मग आठवलं, मामाचा फोन ऑफिसात येतो.

नळावर हात धुताना तिनं आईला गाठलं. "काहीतरी बोल ना गं."

"काय बोलू? शिऱ्याला रवा किती लागतो ते त्या सुनीतीबाईंना विचारून ठेव. आपल्याकडं कुणाला माहीत नाही."

निघायची वेळ झाली. उत्तरेश्वरनं आईची फुलं ओल्या कागदात नीट बांधून दिली. आईनं ती घेतली, शेडमधल्या टेबलावर ठेवली आणि रिकाम्या हातानं बसमध्ये येऊन बसली.

"काकू, फुलं राहिली तुमची!" सुनीती खिडकीतून ओरडली.

"माझी नाहीत ती. कुणाची ते निकिताला विचारा."

ड्रायव्हरनं हॉर्न दिला. फुलं इथंच राहिली तर विहारात उद्या पुन्हा झेंडू. पूजेची म्हणून उचलली तर घरात सत्यनारायण. निकिता उतरली. शेडपर्यंतचं ते एवढंसं अंतर, पण उन्हात पाय भाजल्यासारखे झाले. गठ्ठा छातीशी धरून ती परत बसमध्ये चढली आणि खाली न बसता मधल्या वाटेत उभी राहिली.

"उद्या सत्यनारायण नाही," ती म्हणाली. आवाज फाटला. "बुद्धपौर्णिमा आहे. फुलं विहारात वाहायची आहेत. आम्ही बौद्ध आहोत. बडोद्याचे नाही."

मागं कुणीतरी हसलं आणि एकटंच पडलं.

"अगं, मग आधी सांगायचंस ना," सुनीती म्हणाली. "आम्ही असलं काही मानतो का?"

"काय मानता ते रोज डबा खाताना ऐकते मी."

बस सुरू झाली. अंताक्षरी काही सुरू झाली नाही. चेतन मोबाइलवर सापाचा गेम खेळत बसला. निकिता गठ्ठा मांडीवर घेऊन आईशेजारी बसली. हलकं वगैरे काही वाटत नव्हतं. उद्या कँटीनमध्ये कुठल्या टेबलाशी बसायचं, हेच डोक्यात फिरत होतं. ओल्या कागदाचं पाणी जीन्सवर ठिबकत होतं.

आईनं पदरानं तिच्या कपाळाचा घाम पुसला. मग सगळ्या बसला ऐकू जाईल असं म्हणाली, "वंदना झाली की खीर असते. ज्यांना यायचं त्यांनी या. सत्यनारायणाला येणारच होतात."

कुणी हो म्हणालं नाही, नाही म्हणायचीही कुणाची छाती झाली नाही.

खडकी स्टेशन आलं. ड्रायव्हरनं वेग कमी केला.

"इथं नको," निकिता म्हणाली. "आत घ्या. विहारापर्यंत."

ड्रायव्हरनं गल्लीकडं पाहिलं. "मॅडम, वळंल का गाडी?"

"टँकर वळतो," निकिता म्हणाली.