चिकटवलेला शंकू

मित्रांनो, मी एक जुना लाकडी शंकू आहे आणि आधीच सांगून ठेवतो, मी मोडका नाही! कातारीदादांनी मला गुळगुळीत कातलं आणि मग स्वतःच्या हातांनी करवतीने कापलं. एक काप आडवा, एक तिरपा. तुकडे जोडायला आत खुंट्या बसवल्या. आडवा काप उघडला की वर्तुळ दिसायचं, तिरपा उघडला की लंबवर्तुळ. शाळेत गणिताच्या तासाला मुलं माना उंचावून बघायची. काय तोरा होता माझा तेव्हा!

मग एका सुट्टीत बाकं दुरुस्त करायला सुतार आला. भला माणूस. माझे तुकडे बघून हळहळला, "अरेरे, कुणी फोडला हा?" आणि कुणालाही न विचारता त्याने मला सरस लावून पक्कं चिकटवलं. वरून पॉलिशही केलं. मी आतल्या आत ओरडत होतो, पण लाकडाचं कोण ऐकतंय? पुढे कित्येक वर्षं मी कपाटात धूळ खात पडलो.

परवा भर वर्गात, मुलांसमोरच कपाटं रिकामी करायला काढली. मुख्याध्यापक म्हणाले, "साधे शंकू तीन आहेत. हा भंगारात द्या."

"सर, हा उघडतो!" गणिताच्या बाई म्हणाल्या. त्या याच शाळेत, माझ्यासमोर बसून शिकलेल्या.

"मग दाखवा उघडून. घंटा होईपर्यंत वेळ आहे."

बाईंनी पिळलं, ओढलं. मी हललो नाही. शिपाईमामांनी सुरी काढली आणि माझी तर गाळणच उडाली.

"मामा, सुरी नको! चिरफळ्या होतील त्याच्या."

"मग गरम फडकं गुंडाळा, बाई. सरस उष्णतेने सुटतो. माझा बाप सुतार होता."

वाफाळतं फडकं माझ्याभोवती आवळलं गेलं. अंग फुगलं, आत काहीतरी करकरलं. सरस सुटतोय की मीच तडकतोय, कळेना. बाईंनी पुन्हा ओढलं. छे! तेवढ्यात घंटा झाली.

बाईंनी मला खाली ठेवलं. त्यांचे डोळे भरून आले होते. दाराशी थांबलेल्या भंगारवाल्याने मला शेंड्याला धरून उचललं आणि शेंडा त्याच्या हातातच आला!

"आईशप्पथ, मी नाही तोडला!" तो बिचारा घाबरून म्हणाला.

"तुटला नाही, उघडला!" अख्खा वर्ग ओरडला. मुख्याध्यापकांनी खाली पडलेला माझा बुंधा उचलला आणि वरच्या वर्तुळावरून हळूच बोट फिरवलं. मला पुन्हा कपाटात जागा मिळाली.

तिरपा काप अजून चिकटलेलाच आहे. बाई रोज थोडा शेक देतात. मित्रांनो, एखादी वस्तू दुरुस्त करायला घेण्याआधी ती खरंच मोडली आहे का, एवढं कुणाला तरी विचारा. माझ्या बुडाला आता बाईंच्या अक्षरात चिठ्ठी आहे: "हा उघडतो. चिकटवू नये."