वस्तरा आणि साडेतीन

आमच्या सलूनात खुर्च्या दोन. पहिली खिडकीजवळची, ती कारागिराची. दुसरी आतल्या नळाजवळची, ती त्याच्या मेहुण्याची. दोन्ही एकाच दुकानातून, एकाच दिवशी आणलेल्या. तरी पहिलीत बसलं की आपण कुणीतरी आहोत असं वाटतं आणि दुसरीत बसलं की आपल्याला घाई आहे असं वाटतं. आम्ही भिंतीकडच्या बाकावरची मंडळी. दुसरी रिकामी असली तरी पहिलीची वाट बघत तोच पेपर तिसऱ्यांदा वाचणारी.

मग कारागिराला जुलाब लागले. साधे नव्हेत, सलाइनवाले. बारा दिवस तो दवाखान्यात होता. आजार गेला, पण जाताना रक्तातलं पोटॅशियम घेऊन गेला. चोराने तिजोरी सोडून दारांच्या कड्या तेवढ्या काढून न्याव्यात, तसं.

"निदान साडेतीन हवं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तुमचं दोन पॉइंट आठ आहे."

"म्हणजे काठावर?"

"म्हणजे नापास. हे औषध घ्या, केळी खा, बटाटे खा, आणि आराम करा."

आराम हा शब्द कारागिराने ऐकलाच नाही. चौथ्या दिवशी तो दुकानात हजर. पहिलं गिऱ्हाईक हेडमास्तर. तीस वर्षं त्यांच्या गालाला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला नव्हता, बायकोचा धरून, असं ते स्वतःच सांगत. कारागिराने डावा गाल छान उतरवला, उजव्याकडे वळला, आणि त्याची बोटं वस्तऱ्याभोवती आखडून बसली. उघडता उघडेनात. वस्तरा हवेत, हेडमास्तरांच्या नाकापासून दोन बोटांवर. सलूनात कात्रीसुद्धा वाजेना.

मेहुण्याने येऊन दाजींची बोटं एकेक करून सोडवली, वस्तरा घेतला आणि उजवा गाल उरकला.

हेडमास्तरांनी आरशात पाहिलं. दोन्ही गालांवरून हात फिरवला. मग उजव्यावरून पुन्हा फिरवला. "ही बाजू," ते म्हणाले, "जरा जास्त गुळगुळीत आहे."

कारागीर घरी गेला तो दोन दिवस भिंतीकडे तोंड करून झोपला.

डॉक्टरबाईंनी बजावलं, साडेतीन होईपर्यंत वस्तऱ्याला हात लावायचा नाही. मेहुणा पहिल्या खुर्चीमागे उभा राहू लागला, "तात्पुरता" असं म्हणत. पहिल्या आठवड्यात तो हे रोज म्हणायचा. तिसऱ्या आठवड्यात त्याने आपला कंगवा पहिल्या आरशासमोर आणून ठेवला. पुढच्या महिनाअखेरीला हेडमास्तरांचा निवृत्ती समारंभ होता. व्यासपीठ, हार, फोटो. "तोवर तू उभा राहिलास तर तुझ्याकडे," त्यांनी कारागिराला निरोप धाडला, "नाहीतर इलाज नाही." हेडमास्तर ज्या खुर्चीत बसतात तिथे मागोमाग अख्खा शिक्षकवर्ग बसतो, हे बाकावरच्या आम्हां सगळ्यांना ठाऊक होतं. कारागिराला तर तोंडपाठ होतं.

रक्ताचे रिपोर्ट येत राहिले. दोन पॉइंट नऊ. तीन. पुन्हा दोन पॉइंट नऊ.

"औषध घेता ना नियमित?" डॉक्टरबाई विचारत.

"नियमित," कारागीर म्हणे.

नियमित होतंच. फक्त ते घेत होता गॅलरीतला गुलाब. त्या औषधाची चव म्हणजे समुद्रात पितळेची भांडी विसळल्यासारखी. चार दिवस कारागिराने नाक दाबून प्यायलं. पण बायको बाटली उजेडात धरून रोज किती उरलं ते बघायची, त्यामुळे ते कुठेतरी जायलाच हवं होतं. सकाळी ती आंघोळीला गेली की हा ग्लास घेऊन गॅलरीत. गुलाब काही तक्रार करत नसे. उलट त्याला बशीएवढी फुलं येऊ लागली होती आणि शेजारीण कलम मागत होती.

हे सगळं आम्हांला कसं कळलं म्हणाल, तर वस्तरा गळ्यावर असला की माणूस ऐकतो आणि वस्तरा हातात असला की बोलतो. सलून चालतं ते यावरच.

दुपारी कारागीर दुकानात येऊन आमच्या बाकावर बसायचा. आपल्याच दुकानात गिऱ्हाइकासारखा. डबा घरून यायचा. त्यात बटाटा असायचा, पालक असायचा, सगळं डॉक्टरबाईंच्या हुकुमाबरहुकूम. सगळं सारख्याच रंगाचं आणि चवीला ओल्या पुठ्ठ्यासारखं. कारागिराला त्याचं काही वाटायचं नाही. आठ-दहा वर्षं असंच लागत होतं. संसार मुरला की मीठमसाला आपोआप विरत असेल, असा त्याचा समज.

"तू पण घे रे," तो मेहुण्याला म्हणायचा.

"नको दाजी, माझा डबा आहे," मेहुणा म्हणायचा. "ताईच्या हातचं तुम्हीच खा. आणखी घ्या. बटाटा घ्या, ताकद येईल." आणि आपल्या कल्लेदार मिशीला पीळ द्यायचा. ती मिशी त्याने चार वर्षं वाढवली होती. पगारवाढीपेक्षा तिच्याकडे त्याचं जास्त लक्ष.

समारंभाला तीन आठवडे राहिले तेव्हा कारागिराने मनाशी कबूल केलं की गुलाब व्यासपीठावर हजामत करायला जाणार नाही. उद्यापासून औषध आपण प्यायचं. आज शेवटचं गुलाबाला. ग्लास घेऊन तो गॅलरीत गेला, आणि समोर बायको. आंघोळ बाकी, हातात पातेलं. पातेल्यातलं हिरवट पाणी ती कुंडीत ओतत होती.

दोघं एकमेकांच्या हातांकडे बघत राहिली.

"ते काय आहे?" ती म्हणाली.

"तू आधी सांग."

"पालकाचं पाणी. उकळलेलं."

"आणि पालक?"

"पालक आहे की. तुमच्या डब्यात."

"मग पाणी का टाकतेस?"

ती त्याच्याकडे अशी बघायला लागली की जणू त्याने विचारलं, केर का काढतेस. "टाकायचंच असतं. भाजी चिरून भिजवायची, ते पाणी ओतायचं, मग उकळायची, तेही ओतायचं. मगच ती खाण्याजोगी होते."

"हे कुणी सांगितलं?"

तिने स्वयंपाकघरात येऊन कपाटाचं दार उघडलं. आतल्या बाजूला पिवळा पडलेला कागद चिकटवलेला होता. अक्षर मेहुण्याचं, ठसठशीत. बटाटा, पालक: दोन तास भिजवणे, उकळणे, पाणी फेकणे. पोटॅशियम निघून जाते. टोमॅटो: बंद. संत्रे: बंद. केळे: अजिबात नाही! 'अजिबात'च्या खाली दोन रेघा.

सासरे शेवटची सहा वर्षं इथेच होते. त्यांच्या मूत्रपिंडांना पोटॅशियम म्हणजे विष. त्यांना जाऊन चार वर्षं झाली होती. भाज्यांना हे कुणी कळवलंच नव्हतं.

म्हणूनच डॉक्टरबाईंनी सांगितलेलं केळंही ती त्याला दोनच चकत्या द्यायची, आणि तो चावत असताना समोर बसून त्याचा चेहरा निरखायची.

"अहो, माझ्या हे लक्षातच आलं नाही," ती म्हणाली. पातेलं अजून हातातच होतं. "हात आपोआप करतात. पाणी ओतताना वाटतं, बाबांचं झालं, आता आपलं."

कारागीर काही बोलणार होता. मग त्याला आपल्या हातातला ग्लास दिसला. त्याने तो तिथेच तिच्यासमोर एका दमात रिकामा केला आणि तोंड वाकडं केलं.

"म्हणजे ते तुम्ही..." ती गॅलरीतल्या कुंडीकडे बघून म्हणाली. "तरीच मेला इतका माजलाय."

तिने कागद अलगद सोडवला, चार घड्या घातल्या आणि बाबांच्या चष्म्याच्या डबीत ठेवला. त्या दुपारच्या डब्यातल्या बटाट्याला बटाट्याची चव होती. कारागिराने पहिला घास घेतला आणि बाकावर ताठ बसला. मेहुण्याने लांबूनच डब्यातला रंग पाहिला. त्या दिवशी त्याने मिशीला पीळ दिला नाही.

कारागीरही काही बोलला नाही. तीन आठवडे नाही. फक्त जेवताना मेहुण्याकडे बघत सावकाश चावायचा.

समारंभाच्या आदल्या दिवशी रिपोर्ट आला. तीन पॉइंट सात. डॉक्टरबाई म्हणाल्या, "वस्तरा धरायला हरकत नाही. पण आधी घरच्याच कुणावर हात बसवून बघा."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाक भरलेला. हेडमास्तर इस्त्रीचा शर्ट घालून बसलेले. कारागिराने पहिल्या आरशासमोरचा परका कंगवा उचलून नळाजवळ ठेवला, पहिल्या खुर्चीवर टॉवेल झटकला आणि म्हणाला, "या मेहुणे. घरचे म्हणून आधी तुम्ही."

एवढे डोळे बघत असताना नाही कसं म्हणणार? मेहुणा बसला. फेस झाला. वस्तरा गळ्याशी आला.

"कागद तुझ्या अक्षरात आहे," कारागीर गोड आवाजात म्हणाला. "ताईचा बटाटा तुला पहिल्याच दिवशी ओळखू आला ना? मान हलवू नकोस, लागेल."

"हं," मेहुणा ओठ न हलवता म्हणाला.

"आणि मला म्हणायचास, आणखी घ्या."

"हं."

वस्तरा लोण्यातून जावा तसा फिरला. डावा गाल, उजवा गाल, हनुवटी. कुठे ओरखडा नाही, थरथर नाही. मग एकदाच, ओठाच्या वर, उजवीकडे, एक लांब सरळ हात. चार वर्षांची अर्धी मिशी टॉवेलवर येऊन पडली.

"अरेरे," कारागीर म्हणाला. "आखडला बघ हात. पोटॅशियम, दुसरं काय."

मेहुण्याने आरशात पाहिलं. मग बाकाकडे पाहिलं. आम्ही सगळ्यांनी पेपर वर धरले, कुणीकुणी तर उलटे.

हेडमास्तर उठले. त्यांनी वाकून मेहुण्याच्या ओठावरच्या उजव्या बाजूवरून बोट फिरवलं, बराच वेळ, परीक्षा घेतल्यासारखं.

"ही बाजू," ते म्हणाले, "जास्त गुळगुळीत आहे," आणि मेहुण्याला उठवून पहिल्या खुर्चीत बसले.