टॉवेलाखालचा भाव

मित्रांनो, मी एक जुनी मॉरिस गाडी आहे आणि मला भाव करणाऱ्या माणसांच्या हातांची किळस येते. जुन्या वस्तू गोड बोलतात, झालेगेले विसरतात, असे तुम्हाला वाटत असेल. मी काही विसरलेली नाही.

माझा जन्म १९५२ सालचा. पहिली बारा वर्षे मी गडहिंग्लजच्या एका वकिलांकडे काढली. वकील मला फक्त कोर्टात न्यायचे आणि आणायचे. ते माझ्यावर कधी रागावले नाहीत आणि त्यांनी मला कधी थोपटलेही नाही. १९६४ साली त्यांनी मला विकले आणि पिराजीने घेतले. माझे खरे आयुष्य तिथून सुरू झाले.

पिराजी कोल्हापूरच्या उद्यमनगरात लाकडी पॅटर्न करायचा. कारखान्यात लोखंड ओततात, त्याआधी त्या भागाचा हुबेहूब लाकडी नमुना लागतो. तो नमुना म्हणजे पॅटर्न. एका केसाचा फरक पडला तरी पुढचे सगळे ओतकाम वाया जाते. त्यामुळे पिराजीचा हात बारीक आणि डोळा कडक होता. मला घेतानाही त्याने माझ्यावर बोटाच्या पेरांनी टकटक केले, सागवान पारखतात तसे, आणि मान डोलावली.

त्याची बायको बयाबाई. तिचे माहेर गडहिंग्लजचे. पहिल्या दिवशी ती माझ्या डाव्या सीटवर पाय वर घेऊन मांडी घालून बसली. कमरेची चंची सोडली, पान काढले, बोटाने चुना लावला. बोटाला उरलेला चुना तिने खिडकीच्या काचेखालच्या पट्टीवर पुसला. एक पांढरी रेघ उठली.

पिराजीने गाडी थांबवली.

"अगं, घराची चौकट हाय का ती?"

"मग बोट कुठं पुसू? तुमच्या टोपीला?"

"रंग खातोय चुना. नवी गाडी हाय."

"बारा वर्षं वकिलानं वापरल्यावर कसली नवी. चला पुढं, उन्हात कशाला थांबवलायसा."

मित्रांनो, हे भांडण पुढे सोळा वर्षे चालले. पिराजी दर रविवारी मला धुवायचा. सगळी गाडी झाली की शेवटी रॉकेलचे फडके घेऊन डाव्या दाराशी यायचा आणि बडबडत रेघा पुसायचा. अर्ध्या निघायच्या, अर्ध्या राहायच्या. चुन्याने रंगात घर केले होते. सोमवारी बयाबाई पुन्हा बसायची आणि बोट बरोबर त्याच जागी जायचे. तिला कळतही नसे.

ती एकटी नव्हती. शमशुद्दीन मिस्त्री माझी गिअरपेटी आणि इंजिन बघायचा. त्याचे गॅरेज पिराजीच्या कारखान्याला लागून होते. त्याची बायको जरीना हिला पानाची सवय बयाबाईनेच लावली. दोघी माझ्यात बसून पान खायच्या. जरीना बयाबाईला आक्का म्हणायची आणि पिराजीला दाजी.

मी त्यांना जोतिबाला नेले, गडहिंग्लजला बयाबाईच्या माहेरी नेले, पॅटर्नची ओझी वाहिली. माझे कौतुकही झाले. पिराजी लोकांना सांगायचा, "एका हँडलला चालू हुती." हे खरे नव्हते. थंडीत दोन-तीनदा हँडल मारावे लागायचे. पण तो असे म्हणाला की मला बरे वाटायचे.

१९८० च्या मार्गशीर्षात बयाबाई गेली. पंधरा दिवसांच्या तापाचे निमित्त झाले. दवाखान्यात मीच नेले. त्या दिवशी तिने पान खाल्ले नाही.

त्यानंतर पिराजी माझ्याजवळ येईना. एका रविवारी फडके घेऊन आला, डाव्या दाराशी उभा राहिला आणि तसाच परत गेला. महिन्याभरात मलकापूरचा एक खानावळवाला आला. पिराजीने भाव केला नाही. "न्या. डोळ्यासमोर नको," एवढेच म्हणाला. शमशुद्दीन भांडला, पण किल्ली दिलेली होती.

मी पिराजीला दोष देत नाही. माणूस काय बघून रडेल ते त्याचे त्यालाही आधी कळत नाही.

मलकापूरची तीन वर्षे मात्र सांगायलाही ओकारी येते. रत्नागिरीकडून येणारी सुकी मासळी त्याने माझ्यातून वाहिली. पोत्यांतले खारे पाणी माझ्या तळात मुरले आणि पत्रा कुजला. मागच्या सीटवर त्याने कोंबड्या कोंडल्या. त्यांची विष्ठा शिवणीत वाळली. लोक खिडकीतून पिचकाऱ्या मारत. पण एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्या माणसाने काहीच पुसले नाही. त्या सगळ्या घाणीत बयाबाईच्या रेघा डाव्या दारावर तशाच राहिल्या. मी त्या जपून होते असे म्हणणार नाही. मला हात नाहीत. त्या माझ्याजवळ होत्या, इतकेच.

१९८३ साली मी बंद पडले आणि बाळासोच्या हाती लागले.

बाळासो आधी वडगावच्या बाजारात बैलांचा दलाल होता. म्हाताऱ्या बैलाची शिंगे तासून, तेल चोळून तो त्याला तरणा करून विकायचा. बैलात पैसा राहिला नाही, तेव्हा तो गाड्यांत आला. उचगावच्या रस्त्याला त्याचे पत्र्याचे शेड होते. त्याने कुठेतरी ऐकले होते की मुंबई-पुण्याचे शौकीन जुन्या गाड्यांना वाटेल ती किंमत देतात. मला बघून तो बोटे चोळू लागला.

त्याचे हात मला अजून आठवतात. गिअरपेटीचे दाते झिजले की पेटी ओरडते. तेलात लाकडाचा भुसा कालवून भरला की ती चार दिवस गप्प बसते आणि मग कायमची मरते. बाळासोने माझ्या पोटात भुसा भरला. कुजलेल्या पत्र्यावर लांबी, म्हणजे रंगाऱ्याची पुट्टी, थापली, आत चिंध्या कोंबल्या. मासळीचा वास जाईना म्हणून स्वस्त अत्तराची बाटली ओतली. मासळी आणि अत्तर, दोन्ही एकदम. मला माझाच वास सहन होईना.

मग रंगारी आला. बाळासो डाव्या दाराशी उभा राहून म्हणाला, "हे काय रं? शेणानं सारवल्यागत दिसतंय. घास सगळं, पत्रा लागस्तवर."

पॉलिशपेपरने घासायला अर्धा तास लागला. सोळा वर्षे रॉकेलला दाद न देणाऱ्या रेघा अर्ध्या तासात भुकटी होऊन खाली पडल्या. वर चकचकीत हिरवा रंग आला. बाळासो मागे सरून बघत म्हणाला, "आता कशी नवरीगत दिसती."

मित्रांनो, मला तोंड असते तर मी त्याच्यावर थुंकले असते.

आठ दिवसांनी शेडच्या दाराशी दोन ओळखीचे आवाज ऐकू आले. शमशुद्दीनने रस्त्याने जाताना मला पाहिले होते आणि तो पिराजीला घेऊन आला होता. पिराजी वाळला होता.

शमशुद्दीन कुजबुजला, "हे बघ, ओळख दाखवायची न्हाय. ह्यो बैलबाजारातला गडी हाय. तुझा जीव अडकलाय हे कळलं की चामडं सोलंल. आवडत्या बैलाकडं पाठ करून उभं ऱ्हायचं असतंय."

"तिच्या रेघा असतील का रं?"

"असतील की. चुना कुठं जातोय. पण डाव्या दाराकडं बघू नगंस. आधी सौदा, मग दार. साडेतीन हजाराच्या वर ह्या पत्र्याला कवडी न्हाय."

पिराजी आत आला. त्याने माझे बॉनेट उघडले, टायर पाहिले, उजव्या बाजूने फिरला. डावीकडे आलाच नाही. तीन वर्षांनी भेटलेला माणूस परक्यासारखा वागत होता, आणि मला ठाऊक होते की तो ज्यासाठी आला आहे ते आता नाही. त्याने डावे दार उघडावे म्हणून मी मनातल्या मनात ओरडत होते.

"पावणं, भाव कसा करायचा? तोंडानं का हातानं?" बाळासोने विचारले आणि उत्तराची वाट न बघता खांद्यावरचा टॉवेल दोघांच्या हातांवर टाकला.

बैलबाजारात भाव असाच होतो. टॉवेलाखाली एक दुसऱ्याची बोटे दाबतो. एक बोट म्हणजे एक हजार. बघणाऱ्याला काही कळत नाही. पण हातात हात असला की बोटांपेक्षा जास्त कळते. पिराजीने तीन बोटे दाबली. बाळासोने त्याचा हात धरून ठेवला आणि तो हसला.

"हात गार पडलाय तुमचा. कापतोय बी."

"वय झालं."

"न्हाय न्हाय. तीस वर्षं हात धरलेत मी. पोटच्या पोरागत पाळलेला बैल परत घ्यायला आलेल्याचा हात असा कापतोय. गाडी वळखीची हाय म्हणा की."

टॉवेल दोनदा हलला. शमशुद्दीनने त्याचा कोपर ओढला. पण केसाचा फरक धरणारा तो हात त्या दिवशी काही धरू शकला नाही. सौदा आठ हजारांना ठरला. पिराजीने पाचशे एक रुपये इसार बाळासोच्या हातावर ठेवला.

मग तो सरळ डाव्या दाराकडे आला. दार उघडले. पट्टीवरून बोट फिरवले. पुन्हा फिरवले.

"हितं कायतरी व्हतं," तो म्हणाला.

"व्हतं की. पान खाऊन कुणीतरी घाण करून ठेवलीती. पाक पत्रा लागस्तवर घासून काढली. त्या दाराचंच दोनशे धरल्यात मी."

पिराजी दार धरून खाली बसला.

शमशुद्दीन बाळासोला म्हणाला, "त्याच्या मालकिणीच्या बोटाच्या खुणा व्हत्या त्या. मेली ती."

बाळासोने टॉवेल खांद्यावर टाकला. तो खरोखर गोंधळला होता. "मला काय म्हाईत? मी तर किंमत वाढवली. आधी बोलला असता तर तशीच ठेवून धा हजार सांगितलं असतं."

मित्रांनो, मला सर्वांत जास्त किळस या वाक्याची येते. भुशाची नाही, मासळीची नाही. त्याला खूण पुसल्याचे वाईट वाटले नाही. ती विकता आली असती याचे वाटले.

शमशुद्दीन म्हणाला, "चल पिराजी. इसार गेला तर जाऊ दे. आता काय हाय हिच्यात? बाजारात साडेतीन, आणि तुझ्या लेखी तर शून्य."

मीही तेच धरून चालले होते. मी दुसऱ्या कुणाची तरी होणार होते.

पिराजीने बसल्या जागेवरूनच माझ्या पत्र्यावर पेरांनी टकटक केले. लांबीचा बद्द आवाज आला. त्याला सगळे कळले.

"एकदा हाकलली हिला," तो म्हणाला. "दुसऱ्यांदा न्हाय हाकलत. उद्या पैसं आणतो."

"आठ हजार? ह्या लांबीला?" शमशुद्दीनने विचारले.

"व्हय."

मी परत उद्यमनगरात आले. शमशुद्दीनने गिअरपेटी खोलली तेव्हा ओला भुसा पाटीभर निघाला. तो बाळासोच्या नावाने शिव्या देत होता. मध्येच थांबून म्हणाला, "जरीनाची डबी आणतो. तूच वढ की एक रेघ. कोण बघतंय."

पिराजीने डबी घेतली. बोट चुन्यात बुडवले आणि दाराशी आला. बोट पट्टीपासून चार अंगुळे दूर असताना थांबला.

"माझं बोट जाड हाय," म्हणाला, आणि चुना आपल्याच पायजम्याला पुसला. नमुना करणारा माणूस होता तो. नमुना आणि खरी वस्तू यांतला फरक त्याला कोणी शिकवायला नको होता.

पुढच्या महिन्यात गिअरपेटी दुरुस्त होऊन जागेवर बसली. शमशुद्दीनने मला चालवून बघायला गडहिंग्लजच्या रस्त्याला काढले. तो चालवत होता, शेजारी जरीना, मागे पिराजी. कागलच्या पुढे जरीनाने डबी उघडली, पान लावले, तोंडात टाकले आणि बाहेर बघता बघता बोट पट्टीवर ओढले.

हिरव्या रंगावर पांढरी रेघ उठली.

तिच्या ध्यानात आले तशी ती पदर घेऊन पुसायला धावली. "दाजी, चुकलं माझं. नवा रंग घाण झाला."

"जरीना, ऱ्हाऊ दे."

"डाग पडंल."

"पडू दे."

शमशुद्दीन पुढे बघत म्हणाला, "दोनशेनं किंमत उतरली गाडीची."

"तू गिअर नीट टाक," पिराजी म्हणाला. तीन वर्षांत त्याच्या आवाजात ती जुनी कुरकुर मी प्रथमच ऐकली.

मित्रांनो, उद्या तुम्हीही वस्तू घ्याल आणि विकाल. बाजारभाव काढायला माझी ना नाही. पत्रा किती कुजला, दाते किती झिजले, सगळे वाकून बघा. पण दुसऱ्याच्या घरातून आलेल्या वस्तूवर डाग दिसला, तर फडके उचलण्याआधी एकदा विचारा की हा कोणाचा. आणि तुमच्या घरात कोणी असे डाग पाडत असेल, तर त्या माणसावर थोडे कमी ओरडा.

पिराजी अजून दर रविवारी मला धुतो. सगळी गाडी झाली की डाव्या दाराशी येतो. ती रेघ बयाबाईची नाही, हे त्याला ठाऊक आहे आणि मलाही. तो जरा वेळ उभा राहतो आणि फडके बादलीत टाकतो.