दोन टिकटिकींच्या मध्ये

मळवलीतल्या एका बंगल्याच्या हॉलमध्ये बारा वर्षे काढलेले मी एक जुने घड्याळ आहे, मित्रांनो. पण माझे वय विचाराल, तर मी जेमतेम वर्षाचा.

कारण सांगतो. माझ्या पोटात क्वार्ट्झचा, म्हणजे गारगोटीच्या जातीच्या स्फटिकाचा, एक इवलासा चिमटा आहे. सेलची वीज मिळाली की तो थरथरतो, सेकंदाला बत्तीस हजार सातशे अडुसष्ट वेळा. शेजारची चिप ती थरथर निम्मी करते, पुन्हा निम्मी करते. पंधरा वेळा निम्मी झाली की एकच टिक उरते आणि काटा पुढे सरकतो. माझ्याकडे वेळ ती एवढीच. सेल काढला की थरथर थांबते आणि माझ्यापुरते जगही थांबते.

माझा सेल तर सारखाच निघायचा. बंगल्याच्या मालकीण यशोधराताई पुण्याला राहतात. एकदा दमट हवेत सेल पाझरला आणि माझ्या आतल्या पट्ट्या गंजल्या. तेव्हा त्या निघता निघता म्हणाल्या, "आम्ही नसताना सेल काढून ठेवत जा." म्हणाल्या आणि विसरून गेल्या. आवारातल्या खोलीत राहणारा राखणदार विठ्ठल मात्र विसरला नाही. सांगितल्या शब्दाबाहेर पाऊल टाकणारा माणूसच नव्हे तो!

सेल घालायचे, काढायचे काम त्याच्या बायकोचे, हिराबाईचे. ताई यायच्या असल्या की ती मला पुसायची आणि काटे फिरवताना हसायची, "घ्या, सारा महिना एका बोटानं सारला!" त्या महिन्यातले मला काही ठाऊक नसे. डोळे उघडावेत, तर तिच्या कपाळावर नवी सुरकुती. तिचे म्हातारपण मी असे तुकड्यातुकड्यांनी पाहिले. माझे कौतुक करणारी तीच एक. बाकीच्यांना मोबाइल पुरे.

मग एकदा ताई पुण्याला परतल्यावर तिने मला उतरवले. दुखण्याने ती पार वाळली होती.

"आवं, ह्येला आपल्या खोलीत लावू या का?" ती विठ्ठलला म्हणाली. "तुमी कामाला गेल्यावर खोली खायाला उठती. ह्येची टिकटिक तरी सोबतीला ऱ्हाईल."

"दुसऱ्याची वस्तू हाय, हिरा. ताईंनी सेल काढाया सांगितलंय."

"मंग इचारा की त्यांना."

"एवढ्यासाठी फोन करू व्हय? येतील तवा इचारतो."

तिने माझ्या काचेवरून पदर फिरवला आणि सेल काढला.

पुढची टिक पडली, तेव्हा सेल घालणारे हात विठ्ठलचे होते. हिराबाईला जाऊन महिना झाला होता. तुमच्या जगात त्या दोन टिकटिकींच्या मध्ये दवाखाना होता, रडणे होते, माणसे येऊन भेटून गेली होती. माझ्या लेखी मात्र ती एका सेकंदात गेली. तिचा निरोपही मला घेता आला नाही.

यशोधराताई भेटायला आल्या होत्या. विठ्ठलने मान खाली घालून विचारले, "ताई, ह्ये घड्याळ खोलीत न्हेऊ का? हिरा मागत व्हती."

"अहो विठ्ठलभाऊ," त्या कळवळून म्हणाल्या, "तेव्हाच न्यायचं ना! मी काय नको म्हटलं असतं?"

विठ्ठल मला उचलून खोलीकडे निघाला.

मित्रांनो, मला सेकंद मोजता येतो, राखून ठेवता येत नाही. आजारी माणसाने सोबत मागितली, तर ज्याला विचारायचे त्याला त्याच दिवशी विचारा. आता मी विठ्ठलच्या खोलीत अखंड चालतो. तो कामाला गेला की दिवसभर टिकटिक करतो, आणि ती ऐकायला खोलीत कोणी नसते.