पाना सापडेपर्यंत उड्डाण नाही

मी एक जुने, महायुद्धाच्या काळातले सरावाचे विमान आहे. मित्रांनो, मला म्हातारे म्हणा, पण बिचारे म्हणू नका. ऐंशी वर्षे उलटली तरी टेक्ससच्या उन्हात माझे इंजिन पहिल्या झटक्याला धडधडते.

कोवळी पोरे माझ्यात बसून उडायला शिकली. युद्ध संपल्यावर माझ्यासारखी कितीतरी विमाने भंगारात गेली. मी आणि माझे एक भावंड वाचलो. हौशी मंडळींनी आम्हाला रंगवले आणि आम्ही हवाई कसरतींच्या कार्यक्रमांत उडू लागलो. लोक टाळ्या वाजवत. मला ते आवडे, खोटे कशाला बोलू?

गेल्या वर्षी अशाच एका कार्यक्रमात माझे भावंड दुसऱ्या विमानाला धडकले. दोन्ही वैमानिक गेले. तेव्हापासून आम्हाला सांभाळणाऱ्या हौशी मंडळींच्या कमिटीत एकच बोलणे चालते, "याला म्युझियममध्ये ठेवा."

यंदाचा कार्यक्रम नेमका खंडेनवमीला आला. माझी देखभाल करणारे त्र्यंबककाका इथून जवळच्या शुगर लँड गावी मुलाकडे राहतात. नाशिकला त्यांनी जन्मभर विमानेच दुरुस्त केली. सकाळी त्यांनी माझ्या पंख्याला झेंडूची माळ घातली, लाल कापडावर हत्यारे मांडली आणि एकेकाला कुंकू लावू लागले. बेचाळीस हवी होती. एक्केचाळीसच भरली. अर्ध्या इंचाचा पाना नव्हता.

"रुचा, खाली उतर. पाना विमानातच राहिला असेल," ते माझ्या वैमानिकेला म्हणाले.

कार्यक्रम ठरवणारा संजय धावत आला. "काका, वीस मिनिटांत आपला स्लॉट आहे! एका पान्यासाठी कॅन्सल करायचं? आज हे उडालं नाही, तर कमिटी कायमचं म्युझियममध्ये टाकेल."

"टाकू दे."

"अहो, घरी राहिला असेल. काकूंनी नारळ फोडायला घेतला असेल!"

"तुझी काकू माझ्या हत्यारांना हात लावत नाही. शहाणी आहे ती."

रुचाने हेल्मेट काढले. "यार संजय, वर तू जाणारेस का?"

मग तिघांनी मिळून माझे एकेक झाकण उघडले. आमची वेळ टळली. डोक्यावरून दुसरी विमाने गर्जत गेली. मी जमिनीवरच होते, पण मान खाली घातली नाही.

पाना माझ्या शेपटीच्या पोटात सापडला. तो जरा सरकला असता, तर तिथली तार अडकली असती आणि रुचाला माझे नाक वर उचलता आले नसते.

काकांनी पाना हातात घेतला. "काल चष्मा पुसायला म्हणून मीच तो इथे ठेवला. चूक माझी."

संजयने पाना बेचाळिसाव्या जागी ठेवला, त्याला कुंकू लावले आणि म्हणाला, "कमिटीला मी सांगतो. जे घडलं ते सगळं."

कमिटीचा निर्णय अजून व्हायचा आहे. पण पुढच्या रविवारी काकांनी बेचाळीस हत्यारे मोजली आणि रुचाने मला एकटेच वर नेले. खाली गर्दी नव्हती, टाळ्या नव्हत्या.

मित्रांनो, माझे भावंड पडले म्हणून मला कोंडू नका. टाळ्यांसाठी घाईने उडवूही नका. हत्यारे मोजा. एक जरी कमी भरले, तरी मला जमिनीवर रोखून धरा. सगळी भरली, की मात्र वाटेतून बाजूला व्हा!