विकत घेतलेलं बेट

मित्रांनो, मुलुंडमधल्या एका घरात टीव्हीखालच्या कप्प्यात एक काळा, चपटा डबा पडलेला आहे. त्याच्यावर धूळ बसली आहे. वायर गुंडाळून तिला रबर लावून ठेवलंय. तो डबा म्हणजे मी. मी एक गेम कन्सोल आहे. वयानं तसा फार मोठा नाही, पण आमच्यात म्हातारपण लवकर येतं. आम्ही चांगले चालत असतानाच लोक आम्हाला जुने म्हणू लागतात.

माझा जन्म दूर देशातल्या कारखान्यात झाला. माझ्या थोरल्या भावंडांच्या अंगावर एक फट असायची. तिच्यातून खेळाची तबकडी आत सरकवायची आणि खेळायचं. मला ती फट ठेवलीच नव्हती. त्याऐवजी माझ्या आत एक दुकान बसवलं होतं. इंटरनेटवरून त्या दुकानात जायचं, खेळ निवडायचा, ‘विकत घ्या’ हे बटण दाबायचं, की खेळ थेट माझ्या पोटात उतरायचा. मला त्याचा मोठा अभिमान वाटायचा. ते दुकान आणि मी एकाच कंपनीची लेकरं. सख्ख्या भावावर ठेवावा तसा मी त्याच्यावर विश्वास ठेवला.

मला घरी आणलं ते अबोलीनं, आईवडिलांसाठी. तिचे वडील श्यामसुंदर कर्णिक विमा कंपनीतून निवृत्त झाले होते. आई उत्तराबाईंनी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला होता. दोघं दुपारभर एकमेकांकडे बघत बसतात आणि चहावरून भांडतात, अशी अबोलीची तक्रार होती.

“पण याच्यात सीडी कुठून घालायची?” श्यामसुंदरांनी मला उलटंपालटं करून विचारलं होतं.

“बाबा, आता सीडीबिडी काही नसतं. ऑनलाइन घ्यायचं. हरवायला नको, ओरखडे पडायला नकोत. एकदा घेतलं की कायमचं तुमचं.”

तिनं वडिलांच्या नावानं खातं उघडलं, त्यांचाच मोबाइल नंबर घातला आणि एक खेळ विकत घेऊन दिला. दोघांनी मिळून एक ओसाड बेट वसवायचं, असा तो खेळ होता. झाडं लावायची, मासे पकडायचे, झोपडी बांधायची, लाकूड-दगड गोळा करून वाटा करायच्या.

पहिले काही दिवस नुसता गोंधळ होता. श्यामसुंदर सारखे समुद्रात पडायचे. उत्तराबाई मात्र पहिल्याच दिवशी बेटाची उत्तर दिशा शोधत बसल्या. सूर्य कुठून उगवतो ते पाहून त्यांनी झोपडीची जागा ठरवली. खेळात परदेशी झाडं होती, त्यांना त्यांनी आपली नावं दिली. एक आमसुलाचं, एक भोकराचं. आणि गंमत म्हणजे लग्नापासून नवऱ्याला ‘अहो’ म्हणणाऱ्या उत्तराबाई खेळता खेळता कधी अरेतुरेवर यायच्या, ते त्यांनाही कळायचं नाही.

“अरे, तिकडे कुठे चाललास! कुऱ्हाड माझ्याकडे दे ना!”

“वा! म्हातारपणी बढती मिळाली,” असं म्हणून श्यामसुंदर हसायचे, आणि हसण्याच्या नादात पुन्हा समुद्रात पडायचे.

मित्रांनो, यंत्राला आणखी काय हवं असतं? रोज दुपारी कोणीतरी आपल्यावरचं फडकं बाजूला करावं, बटण दाबावं आणि हसावं. ती माझ्या आयुष्यातली सर्वांत चांगली वर्षं होती.

मग बेटाच्या दक्षिण टोकापासून समोरच्या लहान बेटापर्यंत पूल बांधायचं त्यांनी ठरवलं. काम मोठं होतं. पूल अर्ध्यावर आला आणि एका सकाळी श्यामसुंदरांच्या छातीत दुखू लागलं. अबोली त्यांना घेऊन दवाखान्यात गेली. ते परत आले नाहीत.

त्यानंतर बरेच महिने मला कोणी हात लावला नाही. मग एका दुपारी उत्तराबाई एकट्याच माझ्यासमोर येऊन बसल्या. बेट उघडलं. दुसरा खेळाडू आला नाही, तर त्याचा माणूस झोपडीत झोपलेला दिसायचा. श्यामसुंदरांचा लाल टोपीवाला माणूस तसाच झोपला होता. उत्तराबाई पडद्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी कुऱ्हाड उचलली आणि पुलासाठी लाकडं तोडायला सुरुवात केली.

त्यांची बोटं संधिवातानं आखडली होती. दोघांचं काम एकटीनं करायचं होतं. पण त्या रोज थोडं थोडं करत गेल्या. “आज तीन फळ्या बसवल्या गं,” असं अबोलीला फोनवर सांगताना त्यांचा आवाज जरा उजळायचा. समोरचं बेट जवळ येत चाललं होतं.

आणि मग माझ्या भावानं, त्या दुकानानं, मला दगा दिला.

एका दुपारी उत्तराबाईंनी मला सुरू केलं, तर टीव्हीच्या पडद्यावर मी न लिहिलेली वाक्यं उमटली. नियम बदलले आहेत. खातं तुमचंच असल्याची खात्री करा. तुमच्या मोबाइलवर आलेला आकडा इथे घाला. पण तो मोबाइल नंबर श्यामसुंदरांचा, आणि अबोलीनं तो कधीच बंद केलेला.

शेजारचा सौरभ संगणकाचं काम करायचा. अबोलीनं त्याला बोलावलं.

“कस्टमर केअरला लिही,” तो म्हणाला. “पण काका गेले हे अजिबात सांगू नकोस हां. नंबर हरवला म्हण, नवीन घ्यायचाय म्हण. खरं सांगितलंस तर वाट लागेल.”

उत्तराबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. “त्यात लपवायचं काय रे? आपण काय चोरी केलीय? माणूस गेला तर गेला म्हणूनच सांगायचं.”

अबोलीनं सगळं खरं लिहिलं आणि मृत्यूचा दाखलाही जोडला.

उत्तर आलं. आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत, अशी सुरुवात होती. पुढे लिहिलं होतं, की खातं दुसऱ्या व्यक्तीच्या नावावर करता येत नाही आणि खातेदार हयात नसल्यामुळे ते कायमचं बंद करण्यात आलं आहे. त्याच संध्याकाळी बेटाच्या चित्रावर कुलूप आलं. खाली ओळ होती: या खेळाचा परवाना तुमच्याकडे नाही.

ते वाक्य माझ्या तोंडून वदवलं गेलं, मित्रांनो. ज्या बाईंनी माझ्यावरची धूळ पदरानं पुसली, त्यांना मी सांगितलं, की हे तुमचं नाही. आणि बेट तर माझ्याच पोटात होतं! झाडं, झोपडी, पूल, सगळं जसंच्या तसं. फक्त दार उघडण्याची मला परवानगी नव्हती.

उत्तराबाई रडल्या नाहीत. त्यांनी मला कापडी पिशवीत घातलं आणि अबोलीला म्हणाल्या, “चल, त्यांच्या ऑफिसात जाऊ. माणसासमोर बसून बोललं की कळतं माणसाला.”

कंपनीचं ऑफिस मरोळला होतं. काचेची इमारत, आत रंगीत गाद्या, भिंतीवर मोठा पडदा. त्या पडद्यावर माझा धाकटा भाऊ, नवा कन्सोल, चमकत होता, माझ्याहून सडपातळ. खाली लिहिलं होतं: तुमचे खेळ, कायम तुमच्यासोबत.

बऱ्याच वेळानं गळ्यात ओळखपत्र घातलेली एक मुलगी खाली आली. तिचं नाव स्वरदा. बोलायला गोड होती. तिनं पाणी मागवलं, सगळं नीट ऐकून घेतलं.

“काकू, खूप वाईट वाटलं ऐकून. पण इथे फक्त जाहिरातीचं काम चालतं.”

“मग तक्रारीचं काम कुठे चालतं?”

“वेबसाइटवर.”

“तिथे माणूस असतो का?”

स्वरदानं अबोलीकडे पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाली, “काकू, खरं सांगू का? तो खेळ तुमचा नव्हताच. म्हणजे, टेक्निकली. तुम्ही फक्त वापरायची परवानगी घेतली होती. नियमांमध्ये असतं ते. कोणी वाचत नाही.”

“मग बटणावर ‘विकत घ्या’ असं का लिहिलं होतं?”

“ते मी नाही ना लिहिलं, काकू.”

“माहितीये बाळा. ज्यानं लिहिलं, त्यालाच भेटायला आले होते.”

स्वरदाचे डोळे भरले. “मी वरच्यांना विचारून बघते,” असं ती म्हणाली. तिनं विचारलंही असेल. पुढे काही कळलं नाही.

पिशवीत अंधार होता. परतीच्या वाटेवर रिक्षात उत्तराबाईंनी मला मांडीवर घेतलं होतं. मला मात्र वाटत होतं, की या दोघींनी मला तिथेच टाकून दिलं असतं तरी माझी तक्रार नव्हती.

पुढच्या रविवारी अबोलीनं आईच्या नावानं नवीन खातं उघडलं आणि तोच खेळ पुन्हा विकत घेतला. तो उतरवून घ्यायला माझ्या पोटात जागा पुरेना. पडद्यावर प्रश्न आला: जुन्या खात्याची माहिती कायमची पुसायची का? खाली दोन बटणं, हो आणि नाही.

“आई, ती माहिती आता कधीच उघडणार नाहीये,” अबोली समजावत म्हणाली. “नुसती जागा अडवून बसलीय. पुसून टाकू या. तुला नवीन बेट मिळेल. मी खेळेन ना तुझ्याबरोबर.”

“तू खेळशील, माहितीये मला.”

“मग?”

उत्तराबाईंनी लेकीच्या हातातून रिमोट घेतला. त्यांचं आखडलेलं बोट आधी ‘हो’पाशी गेलं, मग मागे आलं. माणसं श्वास रोखून धरतात ना, तसा माझ्या आतला पंखाही तेव्हा जणू थांबला होता. त्यांनी ‘नाही’ दाबलं.

“त्यांनी कुलूप घातलं, ते त्यांचं पाप,” त्या म्हणाल्या. “पण श्यामला मी माझ्या हातानं पुसणार नाही.”

नवऱ्याचं नाव घेताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं. अबोलीनं आईला जवळ घेतलं. मग उत्तराबाईंनी स्वतः माझी वायर काढली, नीट गुंडाळली आणि मला कप्प्यात ठेवलं. तेव्हापासून मी इथेच आहे.

मित्रांनो, आम्ही जुन्या वस्तू नेहमी सांगतो, की आम्हाला जपा, धूळ बसू देऊ नका. माझं मागणं वेगळं आहे. धुळीचं मला काही वाटत नाही. पण उद्या कोणी तुम्हाला ‘कायमचं तुमचं’ म्हणून काही दिलं, तर त्याची किल्ली कोणाकडे राहणार, ते आधी विचारा. विचारायला लाजू नका. आणि तुमच्यापैकी कोणी मोठं होऊन असं दुकान काढलं, तर एवढं करा: जी आई खरं सांगायला तुमच्या दाराशी येईल, तिला बसायला खुर्ची द्या, आणि तिचं ऐकायला आत एक माणूस ठेवा.