शिंपीकाकांचा दिवा कोणत्या पिनेवर?

मित्रांनो, मी एक जुनी फाइल आहे. मात्र कपाटात धूळ खाणाऱ्या कागदी फायलींशी माझे गोत्र जुळत नाही. माझे वास्तव्य एका लॅपटॉपमध्ये आहे. तळहातावर मावेल अशा एका हिरव्या बोर्डाची मी सेविका. त्या बोर्डावर इवलासा संगणक असतो आणि कडेने धातूच्या पिना. पिनेला तार जोडून दिवा लावता येतो, भोंगा वाजवता येतो. गंमत अशी, की पिनेशेजारी छापलेला आकडा एक असतो आणि आतल्या संगणकाला ठाऊक असलेला दुसराच. या दोहोंची गाठ घालून देणे हे माझे जन्मकार्य.

माझी जन्मदात्री ही एका शिंपीकाकांची पुतणी. ती औषधांच्या दुकानात काम करी आणि सवड मिळताच काकांच्या वरच्या मजल्यावरील शिवणखोलीत, कातरणांच्या ढिगाशेजारी, आपल्या तारांचा संसार मांडी. काकांची श्रवणशक्ती वयपरत्वे लोपली होती; समोरच्याचे बोलणे ते ओठांवरून ओळखत. खालच्या दाराची घंटी त्यांना ऐकू येत नसे आणि गिऱ्हाईक आल्या पावली परत जाई. म्हणून पुतणीने अशी योजना केली, की दाराचे बटण दाबताच काकांच्या मशीनवरचा दिवा लुकलुकावा. त्याच बोर्डाला तिने एक भोंगाही जोडला. इस्त्री तापत राहिली की तो वाजे आणि काकू धावत येत.

प्रारंभी तिने पिनांचे आकडे प्रोग्रामभर विखरून लिहिले होते. एक तार हलवली की ठिकठिकाणी डागडुजी. मग भिंतीवर गिऱ्हाइकांच्या नावांनी टांगलेले काकांचे कागदी साचे पाहून तिला मी सुचले. ‘दिवा’, ‘भोंगा’, ‘बटण’ अशी नावे आणि प्रत्येक नावासमोर त्याचा आकडा, एवढीच माझी काया. प्रोग्रामने केवळ ‘दिवा लाव’ म्हणावे. कोठला, ते मी सांगावे. त्या दिवशी पुतणीने माझे तोंडभरून कौतुक केले. पुढे मात्र तिने मला उघडूनही पाहिले नाही. निमूट काम करणाऱ्याची आठवण कोणाला होते?

असाच काळ लोटला आणि एकदा इस्त्रीचे पाणी सांडून बोर्ड निकामी झाला. त्याच सायंकाळी व्हायोलिन वाजवणाऱ्या एक बाई आपला काळा कोट न्यायला आल्या आणि घंटी वाजवून वाजवून परत गेल्या. दुसऱ्या दिवशी सायंकाळी त्यांचा कार्यक्रम होता, कोट त्यापूर्वीच हवा होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुतणीने नवा बोर्ड आणला. तोच हिरवा रंग, तशाच पिना. तारा पूर्वीच्याच जागी जोडून तिने मलाच कामाला लावले आणि खाली जाऊन बटण दाबले. दिवा ढिम्म राहिला; भोंग्याने मात्र घर डोक्यावर घेतले. काकू एका पायात चप्पल घालून धावत आल्या.

“इस्त्री कुणी चालू ठेवली?”

“इस्त्री गार आहे काकू,” जिना चढून आलेली पुतणी म्हणाली. “दार वाजलं की आता भोंगा वाजतोय.”

“वा. म्हणजे ज्यांना ऐकू येत नाही त्यांना भोंगा, आणि मला ऐकू येतं तर मी दवाखान्यात. छान जमवलंस.” काकू परिचारिका, त्यांची संध्याकाळची पाळी होती.

“आजच्या दिवस तू थांबशील? मलाही दुकानात जायचंय.”

“माझ्या जागी इंजेक्शनं कोण देणार, तुझा बोर्ड?”

काका शिवण्यात मग्न होते. या दोघींचे हातवारे पाहून म्हणाले, “काय गं, दार वाजलं का?”

“ही फाइलच बाद झालीय,” पुतणी वैतागून म्हणाली. “पुसूनच टाकते.”

मित्रांनो, मला कंठ नाही, तरीही प्राण कंठाशी आले. पण तिचे बोट थबकले. दिव्यासाठी निघालेली आज्ञा भोंग्यापर्यंत पोहोचली होती. म्हणजे आज्ञा सुटली होती खरी, फक्त भलत्याच दारी गेली होती. तिने नवा बोर्ड उलटा केला. पाठीवर छापलेले नाव निराळे होते. त्या नावाच्या बोर्डाचा पिनांचा नकाशा शोधून माझ्याशी ताडून पाहताच उलगडा झाला: कडेचे आकडे तेच, आतली जोडणी वेगळी.

तिने दोन्ही बोर्ड काकांपुढे धरले, आधी त्यांच्या पाठी दाखवल्या आणि मग पडद्यावरची मी. काका खो खो हसले. “म्हणजे जुळ्याला भावाचा कोट घातलास. बसेल कसा?”

“तुम्ही दोघं नंतर हसा,” काकू म्हणाल्या. “माझी बस चुकेल.”

पुतणीने मला पुसले नाही. माझ्या माथ्यावर ‘फक्त जुन्या बोर्डासाठी’ असे लिहिले आणि शेजारी माझी धाकटी बहीण निर्माण केली. नावे तीच, आकडे नव्या बोर्डाचे. तिच्यासह प्रोग्राम नव्या बोर्डात उतरवला. मग लॅपटॉप पिशवीत घालून ती काकूंसह जिना उतरली. जाता जाता काकूंनी बटण दाबले.

“आलो, आलो बाई,” म्हणत काका खाली आले.

“बाई नाही, बायको. कोट घडी घालून ठेवा.”

पुढचे मी पाहिलेले नाही, मी पिशवीत होते. पण दुसऱ्या दिवशी काका पुतणीला सांगत होते, “बाईंचं बोट बटणावरून निघायच्या आत मी दारात. म्हणाल्या, काल कुठे होतात? म्हटलं, काल माझा दिवा सुटीवर होता.”

कालांतराने एक सुटा भाग बदलून जुना बोर्डही बरा झाला. आता तो इस्त्रीची राखण करतो आणि मी पुन्हा त्याच्या सेवेत आहे.

मित्रांनो, एवढीच विनंती. तार जोडण्यापूर्वी बोर्ड उलटा करून त्याचे नाव वाचा. आकडे विखरू नका, त्यांना नावे द्या. आणि एखादी जुनी फाइल चुकली असे वाटले, तर पुसण्याआधी क्षणभर तिला विचारा, “बाई, तू मूळची कोणाची?” तेवढे विचारले गेले म्हणून मी आज बोलते आहे, आणि त्या सायंकाळी व्हायोलिनवाल्या बाई काळा कोट घालून वेळेवर मंचावर उभ्या राहिल्या.